काउबॉय कवी खानदेशात झाला का?

प्रश्न : अमेरिकेत म्हणे ‘काउबॉय कवी’ असतात. गुरंढोरं सांभाळणारी माणसं, डोक्यावर रुंद टोपी, आणि व्यासपीठावर चढून अशा कविता म्हणतात की लोक पोट धरून हसतात. आमच्या धुळे-जळगावकडे ढोरं राखणाऱ्यांची काय कमी होती? मग असा एखादा हसवणारा कवी खानदेशात झाला का? झाला असेल तर त्याचं पुढे काय झालं? आणि त्याची बोली आम्हा धुळेकरांना समजेल का?
— एक वाचक, धुळे

उत्तर : झाला. म्हणजे झाली. आणि तुम्ही तिला शाळेपासून ओळखता. फक्त आपण सगळ्यांनी मिळून तिला इतकं गंभीर करून ठेवलं आहे की ती हसवते हे कुणाच्या ध्यानीमनी येत नाही. बहिणाबाई चौधरी.

दचकू नका. आधी तुमच्या काउबॉयचं बघू, म्हणजे माझं म्हणणं पटायला सोपं जाईल.

अमेरिकेतलं यादवी युद्ध 1865 साली संपलं. त्यानंतरची साधारण वीस वर्षं हा काउबॉयचा खरा काळ. टेक्सासमधले गुरांचे तांडे शेकडो मैल हाकत कॅन्ससच्या रेल्वे स्टेशनांपर्यंत न्यायचे, हे त्याचं काम. रात्री कळप बुजू नये म्हणून घोड्यावर बसून गुणगुणत फेऱ्या मारायच्या. त्यातून गाणी आली, यमकं जुळवून सांगितलेल्या गोष्टी आल्या. पुढे कुंपणं आली, रेल्वे जवळ आली, तांडे थांबले; पण कविता म्हणायची सवय मागे राहिली. 1985 साली नेव्हाडातल्या एल्को या गावात अशा कवींचा मेळावा भरला आणि तेव्हापासून तो भरतोच आहे.

या मंडळींत सर्वांत जास्त हसवणारा म्हणजे बॅक्स्टर ब्लॅक. जन्म 1945 चा, आणि तोही न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये, म्हणजे गिरगावात जन्मलेला धनगर म्हणावा तसा प्रकार. वाढला मात्र न्यू मेक्सिकोत. शिक्षणाने गुरांचा डॉक्टर. गायीम्हशींच्या दवाखान्यात जे जे घडतं, शेणात घसरणारा डॉक्टर, दोर तोडून पळालेली गाय, शहाणपणा शिकवायला आलेला मालक, ते सगळं त्याने कवितेत आणलं. शाकाहाऱ्यांची थट्टा करणारी त्याची एक कविता तर भाजीपाल्याच्या कत्तलीचं इतकं करुण वर्णन करते की माळकऱ्यालाही हसू यावं. पुढे डॉक्टरकी सोडून तो पूर्णवेळ व्यासपीठावर गेला, रेडिओवर बोलला, वर्तमानपत्रांत सदर चालवलं, आणि 2022 साली ॲरिझोनात वारला. त्याच्या विनोदाचं सूत्र एकच : माणूस आणि जनावर यांच्या झटापटीत फजिती माणसाची होते.

हे सूत्र लक्षात ठेवा आणि आता आसोद्याला चला.

आसोदे हे जळगावला लागून असलेलं गाव. भरताच्या वांग्यांसाठी त्याचं नाव खानदेशभर घेतलं जातं, आणि लेवा पाटलांच्या भरीत-पार्टीत आसोद्याचं वांगं नसेल तर ती पार्टी अधिकृत धरत नाहीत. या गावात उखाजी महाजनांच्या घरी 1880 साली, नागपंचमीला, बहिणाबाईंचा जन्म झाला. तीन भाऊ, तीन बहिणी, खटलं मोठं. तेराव्या वर्षी जळगावच्या नथुजी चौधरींशी लग्न. तिशीतच वैधव्य. पदरात ओंकार, सोपान आणि काशी ही तीन मुलं. त्यांतला ओंकार प्लेगच्या तडाख्यातून वाचला तो अधू होऊन. अक्षराची ओळख आयुष्यभर झाली नाही. शेत, गोठा, चूल, जातं, देऊळ, आणि माहेर-सासरची वाट. बाईंचं जग एवढ्यात आटोपतं.

घोडा नाही, टोपी नाही, तांडा नाही. मान्य. आपल्याकडे गुरं मांसासाठी पाळली नाहीत, नांगरासाठी आणि मोटेसाठी पाळली. म्हणून खानदेशातला ‘काउबॉय’ हा कधी गावची ढोरं चारणारा अनवाणी गुराखी असतो, कधी सालदार, कधी मोटकरी, आणि गोठ्यात शेण काढणारी, वासराला गायीखाली सोडणारी बाई तर रोजचीच असते. तसं पाहिलं तर ज्या अहिरांच्या नावाने तुमची अहिराणी ओळखली जाते ते गुरं राखणारेच. नांदेडकडे केशवराव धोंडगे यांनी गुराखीगडावर गुराख्यांचं साहित्य संमेलनसुद्धा भरवलं. एल्कोच्या मेळाव्याला आपल्याकडचं उत्तर शोधायचं तर ते हेच.

पण मुद्दा विनोदाचा आहे. तो बहिणाबाईंच्यात कुठे आहे?

त्यांची सर्वांत प्रसिद्ध कविता मनावरची. भाषणांत ती इतक्या वेळा येते, की ऐकणारा आपोआप गंभीर होतो. आता ती कविता सुरू कशी होते ते आठवा. मन कशासारखं, तर पिकात शिरलेल्या ढोरासारखं. हे ढोर ज्याने राखलंय त्याला विचारा. ज्वारी दाण्यात आली आहे. राखणदार काठी घेऊन धावतो, ढोर निमूट बांधाबाहेर जातं, आपण काही केलंच नाही अशा चेहऱ्याने उभं राहतं. राखणदाराची पाठ फिरली की पलीकडच्या बांधाने पुन्हा आत. किती वेळा हाकला, तेच. अशा सोकावलेल्या ढोराच्या गळ्यात लोढणं बांधतात. लाकडाचा ओंडका गुडघ्यांवर आपटत राहतो, पळता येत नाही. त्यानेही भागलं नाही तर कोंडवाडा आहेच. मनाला ना लोढणं आहे, ना कोंडवाडा. ऋषिमुनींनी ज्या विषयावर ग्रंथ लिहिले तो विषय या बाईने एका चोरट्या ढोरावर आणून ठेवला, आणि शेवटी देवालाच विचारलं की असलं मन तू घडवलंस तरी कसं. हे तत्त्वज्ञान आहेच, पण त्याच्या पोटात हसू आहे. शेतातल्या माणसाला ते पहिल्या शब्दाला येतं. वर्गातल्या मुलाला येत नाही, कारण त्याला ‘कवयित्रीने मनाची चंचलता कशी स्पष्ट केली आहे’ याचं पाच गुणांचं उत्तर लिहायचं असतं.

दुसरी बघा, चुलीवरची. चूल पेटत नाही. पावसाळी दिवस, ओली लाकडं, डोळ्यांत धूर, फुंकून फुंकून जीव अर्धा झालेला. हा प्रसंग घराघरांतला. त्यावर बाया रडतात किंवा चिडतात. बहिणाबाई चुलीशी भांडायला बसतात. थेट अग्नीच्या धन्यालाच टोमणा मारतात, की बाबा रे, तू विस्तवाचा मालक, तुलाच कशी थंडी भरली! आता हे वाक्य मनात घोळवून पाहा. ज्याच्यापुढे हात शेकायचे तोच कुडकुडतो आहे. यात मला खानदेशी विनोदाचा पुरता नमुना दिसतो. चेहरा सरळ, आवाज चढलेला नाही, आणि बोलणारी स्वतःच्या हालांवरच बोलते आहे. हसवण्यासाठी ती काही वेगळं करत नाही.

हाच सरळ चेहरा पुढे भालचंद्र नेमाड्यांच्या गद्यात सापडतो. नेमाडे यावल तालुक्यातल्या सांगवीचे, त्याच लेवा मुलखातले. ‘कोसला’तला पांडुरंग सांगवीकर ज्या तऱ्हेने गंभीर गोष्टी गंभीरपणाने सांगून हसवतो, ती तऱ्हा त्या मुलखातल्या ओट्यांवर आधीपासून होती असं मला वाटतं. कुणी समीक्षक म्हणेल हे ओढूनताणून आहे. म्हणू द्या.

आणि आता बॅक्स्टर ब्लॅकचं सूत्र. बहिणाबाईंची माणसावरची एक कविता आहे. तिच्यात त्या माणसाला गोठ्याशेजारी उभा करतात आणि हिशेब मांडतात. गायम्हैस चारा खाते आणि दूध देते. माणूस पोट भरलं की दिलेलं विसरतो. कुत्रं शेपूट हलवतं ते इमानापोटी, माणूस मान डोलावतो ती मतलबापोटी. निकाल गोठ्याच्या बाजूने लागतो. अमेरिकेतला गुरांचा डॉक्टर शेणात घसरून जे सांगतो तेच ही आसोद्याची बाई त्याच्या कितीतरी आधी सांगून बसली आहे. फरक एवढाच की त्याची थट्टा मोकळी असते, हिचीला धार असते. हसता हसता श्रोता थबकतो, कारण मान डोलावणाऱ्यांत तोही असतो.

धार कशी लागते ते आणखी एका कवितेत दिसतं. कोणत्या गोष्टीला काय म्हणू नये याची ती लांबलचक यादी आहे. उखाणे घालावेत तशी एकेक जोडी येते : कापूस नसलेलं बोंड, हरिनाम न घेणारं तोंड. ऐकणारा पुढचं यमक आधीच ओळखायला लागतो, खेळ रंगात येतो. आणि त्याच खेळात वाटेवरच्या दोरीला साप म्हणू नये असं सांगून, पुढच्याच दमात बहिणाबाई पोटची पोरगी विकणाऱ्याचं बापपण काढून घेतात. यमक तसंच, चाल तीच, पण हसू घशात अडकतं. व्यासपीठावरच्या मुरलेल्या हास्यकवीला हे वळण घेता आलं तर तो त्यावर वर्षभर कार्यक्रम करील.

सासुरवाशीण आणि योग्याची कविता तर सरळ सवाल-जबाब आहे. माहेराचे गोडवे गाणाऱ्या सुनेला योगी कोंडीत पकडतो : माहेर एवढं चांगलं तर सासरी आलीस कशाला? ती म्हणते, माझ्या लेकीला माहेर असावं म्हणून. झालं, योग्याची बोलती बंद. आखाजीला झोक्यावर बसून सासरच्यांची खिल्ली उडवणाऱ्या लेकीबाळींच्या गाण्यांत हीच हजरजबाबी असते. बहिणाबाईंनी ती त्या झोक्यावरूनच उचलली.

आता तुम्ही विचाराल, लिहिता येत नव्हतं तर कविता टिकल्या कशा? इथेही काउबॉयशी नातं जुळतं. ज्याच्या हाताला काम आहे आणि कागद नाही, त्याची वही म्हणजे यमक. जात्यावर बसलं की पीठ गळावं तसं आपलं गाणं पोटातून ओठावर येतं, असं त्यांनी स्वतःच एका कवितेत जात्याला सांगितलं आहे. मोटेवरही तेच. चामड्याची मोट विहिरीत बुडते, बैल धावेवरून उतरतात, नाडा ताणला जातो, थारोळ्यात पाणी ओतलं जातं, बैल मागे मागे सरकत पुन्हा वर येतात. एका खेपेला जेवढा वेळ लागतो तेवढी गाण्याची ओळ. बैलाच्या पावलांनी मोजलेल्या ओळीला मात्रा मोजाव्या लागत नाहीत. मोटेवरच्या त्यांच्या कवितेत तर नाडा, सोंदूर, चाक, कणा असं सगळं सामान हजर आहे. हाकणारा एकटा, पण जगवतो कितीतरी जीव, एवढं तिथे निघतं.

शब्द कागदावर उतरवले ते मुलाने, सोपानदेवांनी, आणि मावसभाऊ पितांबर चौधरींनी. सोपानदेव पुढे स्वतः नावाजलेले कवी झाले. लहानपणी शाळेच्या पुस्तकातला सावित्रीचा धडा त्यांनी घरात मोठ्याने वाचला, आणि दुसऱ्या दिवशी आईचं त्यावर गाणं तयार होतं, अशी आठवण सांगतात.

इथे जळगावची एक गंमत सांगितल्यावाचून राहवत नाही. याच जळगावातून नारायण नरसिंह फडणीस 1887 पासून ‘काव्यरत्नावली’ नावाचं मासिक चालवत होते, निव्वळ कवितेला वाहिलेलं, आणि ते 1935 पर्यंत चाललं. केशवसुतांपासून सगळे त्यात. 1907 साली याच गावात कविसंमेलन भरलं आणि धरणगावच्या सतरा वर्षांच्या त्र्यंबक ठोंबऱ्याला ‘बालकवी’ ही पदवी मिळाली. फेटे, उपरणी, अध्यक्षांचं भाषण, टाळ्या. आणि त्याच गावात सत्तावीस वर्षांची एक सून जात्यावर बसून दळत होती. तिला कुणी बोलावलं नाही. बोलावण्याचं कारणच कुणाला माहीत नव्हतं. गावात आजही काव्यरत्नावली चौक आहे.

बहिणाबाईंनी त्याची परतफेड केली असं मात्र मी म्हणेन. जळगावचा छापखाना पाहून त्यांनी एक कविता रचली. यंत्र बघून भारावल्या नाहीत, घाबरल्याही नाहीत. कोरा कागद आत जातो आणि छापून शहाणा होऊन बाहेर येतो, माणूस मात्र होता तसाच खुळा राहतो, एवढाच त्यांचा शेरा. निरक्षर बाईने साऱ्या छापील विद्वत्तेवर मारलेला असा टोला मराठीत दुसरा सापडणं कठीण. आणि आज आपण तो छापील पुस्तकातच वाचतो.

तुमचा पुढचा प्रश्न : त्याचं पुढे काय झालं? कारकीर्द म्हणाल तर हयातीत शून्य. बॅक्स्टर ब्लॅकला तिकीट लावून लोक ऐकायला येत. बहिणाबाईंना ऐकायला शेजारणी, मुलं आणि फार तर बैल. 3 डिसेंबर 1951 रोजी त्या जळगावात गेल्या. त्यानंतर सोपानदेवांनी भीत भीत त्या गाण्यांची वही आचार्य अत्र्यांना दाखवली. अत्र्यांनी चार ओळी वाचल्या आणि हे बावनकशी सोनं महाराष्ट्रापासून लपवणं गुन्हा आहे, असं सुनावलं. 1952 साली अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ‘बहिणाबाईंची गाणी’ निघालं आणि खरी कारकीर्द तिथून सुरू झाली. 1961 च्या ‘मानिनी’ चित्रपटात गाणी आली, आशा भोसल्यांच्या आवाजात घरोघर पोचली. पाठ्यपुस्तकं आली. 1990 साली स्थापन झालेल्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला 2018 मध्ये त्यांचं नाव दिलं गेलं. जिला सही करता येत नव्हती तिच्या नावाने आता पदव्या वाटल्या जातात. यावर त्या काय बोलल्या असत्या, ते छापखान्याच्या कवितेवरून ताडता येतं.

ही कीर्ती मिळाली, पण ती मिळताना हसू गळालं. विधवा, कष्टकरी, निरक्षर, संसाराचं तत्त्वज्ञान सांगणारी माउली, अशी एकदा मूर्ती बसवली की तिने चुलीला टोमणे मारणं, माणसाला ढोराखालचा नंबर देणं शोभत नाही. तुकोबांचंही आपण हेच केलं. त्यांच्या अभंगातली चेष्टा बाजूला ठेवली आणि टाळ हातात दिले. महाराष्ट्रात विनोदी कवी म्हणून ओळख हवी असेल तर व्यासपीठावर उभं राहून आधी ‘मी विनोदी आहे’ असं सांगावं लागतं. रामदास फुटाण्यांनी वात्रटिका गाजवल्या, वऱ्हाडात शंकर बडे आणि ‘मिर्झा एक्स्प्रेस’ यांनी बोलीत लोकांना लोळवलं. ती परंपरा जोमदार आहे आणि खेड्यातलीच आहे. खानदेशाच्या सीमेवरच पळसखेडला ना. धों. महानोर झाले, शेतीत पाय रोवलेले, पण त्यांचा पिंड विनोदाचा नव्हे. हसण्याच्या बाबतीत आपल्या भागात बहिणाबाईंच्या जवळपास मला तरी कुणी दिसत नाही.

राहिला बोलीचा प्रश्न. बहिणाबाईंची बोली लेवा गणबोली. जळगाव, भुसावळ, यावल, रावेर या पट्ट्यातली. तुमची अहिराणी वेगळी. तुम्ही ‘मना’ म्हणता तिथे त्या ‘माझा’ म्हणतात, तुमचा ‘शे’ त्यांच्याकडे नाही. पण ‘माले-तुले’ दोघांचं, ‘ळ’चा ‘य’ करायची खोड दोघांची. पुण्याच्या वाचकाला जिथे तळटीप लागते तिथे धुळ्याचा वाचक सरळ पुढे जातो. एकच विनंती, कविता मोठ्याने वाचा आणि ‘डोया’चा ‘डोळा’ करू नका. शाळेतल्या स्पर्धांत मुलं ही गाणी प्रमाण उच्चारात, हात छातीवर ठेवून म्हणतात, तेव्हा पहिला बळी विनोदाचाच जातो.

क्रम विचाराल तर संसाराची आणि खोप्याची कविता सध्या बाजूला ठेवा, त्या पाठ आहेतच. आधी चूल, मग छापखाना, मग माणूस. नंतर पोळ्याची घ्या. तिच्यात बैलाला शेंदूर लावता लावता शेतकऱ्याला त्याच्या कर्जाची आठवण करून दिली आहे, कर्ज सावकाराचं नव्हे, बैलाचं. मनाची कविता सगळ्यांत शेवटी वाचा, आणि शक्य असेल तर ज्याने कधी ढोरं राखली आहेत अशा घरातल्या एखाद्या आजोबांना समोर बसवून वाचून दाखवा. ते कुठे हसतात तिकडे लक्ष ठेवा.